जेथें थर्मामीटर पोंचत नाहीं

उष्णता म्हणजे काय, हें वर्धा जिल्ह्यांतील रहिवाशास पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. वैशाखाच्या दुपारीं डोक्यास दुपट्टा गुंडाळून हिंगणघाटच्या रस्त्यानें जो कोणी एक कोस चालला असेल, त्यास तापमानाची व्याख्या सांगावयास जाणें म्हणजे पोहणारास पाणी दाखविण्यासारखेंच होय. पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, कपाशीच्या काळ्या जमिनीस भेगा पडतात, पवनारजवळ धाम नदीचें पात्र खडकांस टेंकतें आणि घरोघर कैरीच्या पन्ह्याची आठवण होते. अशा आमच्या जिल्ह्यांत उष्णतेवर लेख लिहिणें हें धाडसच म्हणावयाचें. तथापि आज ज्या उष्णतेविषयीं आम्ही लिहिणार आहों, ती निराळ्या जातीची आहे. ती पृथ्वीच्या उत्तर टोंकाजवळ, जमिनीपासून दोनशें-तीनशें किलोमीटर उंचीवर असते. खालीं बर्फ गोठलेलें असतें, आणि वर तापमानाचा आंकडा हजारांच्या घरांत खेळत असतो.

हा विषय आम्हांस सुचला तो आमच्या विद्यार्थ्यांमुळेंच. सन २०२४ च्या मे महिन्यांत, १० व ११ तारखांस, सूर्यावरील खळबळीचा परिणाम होऊन पृथ्वीवर मोठें चुंबकीय वादळ झालें. त्यापूर्वींच्या दोन दशकांत इतकें प्रचंड वादळ झालें नव्हतें. लडाखमधील हानले येथें उत्तर क्षितिजावर उमटलेला तांबडा प्रकाश कॅमेऱ्यांनीं टिपला, आणि तीं छायाचित्रें आमच्या मुलामुलींनीं सुट्टींत घरबसल्या पाहिलीं. शाळा उघडतांच दहावीच्या वर्गांत प्रश्नांचा भडिमार झाला. हा ध्रुवप्रकाश कोठून येतो, तो येथें कां दिसत नाहीं, त्या उंचीवर हवा असते काय, असे एकामागून एक प्रश्न आले. उत्तर देतां देतां आम्हीं सांगितलें कीं, अशा वादळांत नॉर्वेच्या आकाशांतील आयनांचें तापमान तीन हजार केल्विनपर्यंत, क्वचित् त्याहूनही वर जातें. तेव्हां मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, तेथें थर्मामीटर कोणीं टांगला?”

वर्गांत हंशा पिकला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. तो प्रश्न थट्टेचा नव्हता. जें कोणीं हातानें चांचपलें नाहीं, जेथें कोणी वस्तीस राहिलें नाहीं, तेथील गोष्ट आम्ही शिक्षक छातीठोकपणें सांगतों आणि मुलांनीं ती वहींत उतरून घ्यावी अशी अपेक्षा धरतों. ती कशाच्या आधारावर? हें विचारण्याचा अधिकार विद्यार्थ्यास आहे, व उत्तर देण्याचें कर्तव्य आमचें आहे. तें उत्तर तासाच्या घंटेच्या आंत मावलें नाहीं, म्हणून येथें सविस्तर देत आहों.

प्रथम तापमान या शब्दाचाच विचार करूं. हवेचे कण सदैव धांवत असतात, आणि त्यांच्या या अस्ताव्यस्त धांवपळीचें माप म्हणजे तापमान. धांवपळ अधिक, तर तापमान अधिक. परंतु आपल्या अंगास चटका बसतो तो केवळ वेगामुळें नव्हे. किती कण येऊन आदळतात यावरही तो अवलंबून असतो. तीनशें किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ आहे कीं, जमिनीजवळच्या हवेच्या मानानें तिच्यांत एक हजार कोटीव्या हिश्शाइतकेही कण नाहींत. म्हणून तेथें तीन हजारांचा आंकडा असूनही चहाचा पेला गरम व्हावयाचा नाहीं. आपल्या येथील ४५ अंशांची झळ आणि तेथील तीन हजारांचा आंकडा यांची तुलना करतांना हा भेद ध्यानांत ठेविला पाहिजे.

त्या विरळ हवेवर सूर्याचे प्रखर किरण पडतात आणि कांहीं कणांतून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. मागें जो विद्युद्भारित कण उरतो, त्यास आयन म्हणतात. आणि असे आयन व इलेक्ट्रॉन जेथें पुष्कळ असतात, त्या थरास आयनांबर हें नांव आहे. इंग्लंडांत ॲपलटन यांनीं सन १९२४ मध्यें रेडिओच्या लहरींनीं या थराची उंची मोजली व पुढें सन १९४७ चें नोबेल पारितोषिक मिळविलें. आपल्या देशांत कलकत्त्याचे प्राध्यापक शिशिरकुमार मित्र यांनीं याच विषयास आयुष्य वाहिलें, आणि त्यांचा वरच्या वातावरणावरील इंग्रजी ग्रंथ सन १९४७ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्या घरांत जुना रेडिओ शिल्लक आहे, तेथील आजोबांस विचारा. दिवसां जीं दूरचीं केंद्रें मुळींच लागत नसत, तीं रात्रीं स्पष्ट ऐकूं येत. दिवसां आयनांबराचा खालचा पदर लहरी गिळून टाकतो, रात्रीं तो विरून जातो आणि वरचा पदर त्या लहरी परत खालीं धाडतो, हें त्याचें कारण होय.

आतां थर्मामीटरकडे वळूं. रेडिओच्या लहरींची कंपनसंख्या पुष्कळ वाढविली म्हणजे त्या परत न फिरतां आयनांबर भेदून निघून जातात. परंतु जातां जातां प्रत्येक इलेक्ट्रॉन त्यांतील अत्यल्प अंश चहूंकडे विखुरतो. हा विखुरलेला अंश जमिनीवर टिपतां येईल, अशी कल्पना अमेरिकेंतील विल्यम गॉर्डन यांनीं सन १९५८ मध्यें मांडली, आणि त्याच वर्षीं केनेथ बोल्स यांनीं तो प्रतिध्वनि प्रत्यक्ष टिपलाही. तो किती क्षीण असावा? रडारच्या झोतांत सांपडलेल्या कित्येक घन किलोमीटर आकाशांतील सर्व इलेक्ट्रॉन एकत्र केले, तरी लहरी परतविण्याच्या कामीं त्यांचें क्षेत्रफळ लहानशा नाण्याएवढेंही भरणार नाहीं. तीनशें किलोमीटरांवरील तेवढा ठिपका पाहावयाचा, म्हणजे प्रचंड शक्तीचा प्रक्षेपक व प्रचंड थाळीचा कान हवा. युरोपांतील कांहीं देशांनीं मिळून सन १९७५ मध्यें आइस्कॅट नांवाची संस्था काढली, आणि नॉर्वेंतील ट्रॉम्सो येथें ३२ मीटर व्यासाची थाळी उभारून सन १९८१ पासून हें काम चालविलें. स्वीडनमधील किरुना व फिनलंडमधील सोदानक्युले येथेंही तशाच थाळ्या कान देऊन बसविल्या होत्या. पुढें सन १९९६ मध्यें त्याहून उत्तरेस, स्वालबार्ड द्वीपसमूहांतील लाँगयीअरब्येन येथें, दुसरें रडार उभें राहिलें.

या क्षीण प्रतिध्वनींतून तापमान कसें निघतें? सेवाग्राम स्टेशनावर उभें राहून जलद गाडीची शिटी आपण सर्वांनीं ऐकिली आहे. गाडी जवळ येतांना शिटीचा सूर चढा असतो, दूर जातांना तोच उतरतो. आकाशांतील कणांचेंही तसेंच. रडारनें एकच सूर वर धाडिला, तरी कांहीं कण आपल्याकडे धांवत असतात व कांहीं आपल्यापासून दूर. म्हणून परत येणारा सूर एक न राहतां पसरट होतो. इलेक्ट्रॉन विद्युत्आकर्षणानें आयनांशीं बांधलेले असल्यामुळें, सूर परतविण्याचें काम इलेक्ट्रॉन करीत असले तरी त्यांत आयनांच्या हालचालीचा ठसा उमटतो. सूर जितका पसरट, तितकी आयनांची धांवपळ अधिक, अर्थात् तापमान अधिक. आणि आयनांचा सबंध लोंढाच एका दिशेस वाहात असेल, तर तो सर्व पसारा चढ्या वा उतरत्या बाजूस सरकतो. त्यावरून लोंढ्याचा वेग कळतो. एकाच प्रतिध्वनींतून दोन निरनिराळ्या गोष्टी निघतात, हें येथें लक्षांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग आहे.

हा लोंढा वाहातो कशानें? सूर्याकडून विद्युद्भारित कणांचा वारा सतत वाहात असतो. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रास घांसून जातो, आणि त्यामुळें उत्पन्न झालेला विद्युद्दाब चुंबकीय रेषांच्या वाटेनें ध्रुवप्रदेशीं उतरतो. तेथील आकाशांत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पन्नास हजार व्होल्टांच्या आसपास दाब सामान्यतः असतो, व वादळांत तो लाखाच्या पुढें जातो. या विद्युत्क्षेत्रामुळें आयन चुंबकीय रेषांस आडवे वाहूं लागतात. दर मीटरास व्होल्टाचा विसावा भाग एवढें क्षेत्र असलें, तर आयनांचा वेग सेकंदास सुमारें एक किलोमीटर होतो. या वेगानें वर्ध्याहून नागपुरास जावयास सव्वा मिनिट पुरे!

गिरडच्या यात्रेंतील गर्दी आमच्या वाचकांनीं पाहिली असेल. सर्व लोक आपापल्या जागीं उभे आहेत, आणि पांचदहा मुलांस कोणी हात धरून त्या गर्दींतून फरफटत नेत आहे, अशी कल्पना करा. उभ्या लोकांस धक्के बसतील, पण त्या मुलांच्या अंगाची मात्र लाही होईल. ध्रुवाकडील आयनांची गत हीच होय. विद्युत्क्षेत्र त्यांस ओढतें, भोंवतालची विद्युद्भाररहित हवा जागची हालत नाहीं, आणि घर्षणानें आयन तापतात. गणित असें सांगतें कीं, ही वाढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत होते. भोंवतालची हवा एक हजार केल्विनवर असतांना सेकंदास एक किलोमीटर वेगानें सुमारें साडेसहाशेंची भर पडते. वेग दुप्पट झाला कीं भर चौपट होते, म्हणजे सुमारें अडीच हजारांची.

आतां त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर पुरें होतें. प्रतिध्वनि किती सरकला, ही पहिली साक्ष. तीवरून वेग व विद्युत्क्षेत्र निघतें. प्रतिध्वनि किती पसरला, ही दुसरी साक्ष. तीवरून तापमान निघतें. पहिल्या साक्षीवरून गणितानें जें तापमान यावयास हवें, तें दुसऱ्या साक्षींत आढळतें काय, हें शास्त्रज्ञांनीं ताडून पाहिलें, आणि बऱ्याच अंशीं तें जुळलें. जेथें जुळलें नाहीं, तेथेंही त्यांनीं तें झांकून ठेविलें नाहीं. क्षेत्र फार प्रखर झालें म्हणजे आयनांची धांवपळ सर्व दिशांस सारखी राहात नाहीं; चुंबकीय रेषेच्या दिशेनें मोजलें तर एक आंकडा येतो, आडवें मोजलें तर त्याहून मोठा येतो. तेव्हां तापमान हा एकच शब्द अपुरा पडतो, हें त्यांनीं शोधून काढलें व मान्य केलें. तेथें थर्मामीटर कोणींच टांगला नाहीं. दोन साक्षी समोरासमोर उभ्या करून सत्य काढलें.

हें सर्व परदेशांतील झालें, यांत आमचें काय, असें कोणी म्हणेल. त्यानें मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचा इतिहास पाहावा. तेथें सन १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं निरीक्षणें होऊं लागलीं. त्या काळीं यंत्र आपोआप कांहीं लिहून ठेवीत नसे. निरीक्षकानें ठराविक वेळीं डोळा लावून आंकडा टिपावयाचा. सन १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभीं इतिहासांतील अत्यंत मोठें चुंबकीय वादळ झालें, तेव्हां नेहमींच्या तासातासाच्या नोंदींवर न थांबतां कुलाब्याच्या निरीक्षकांनीं पंधरा-पंधरा व पांच-पांच मिनिटांनीं आंकडे लिहिले. जगांतील अनेक ठिकाणच्या नोंदी त्या धुमाळींत कागदाबाहेर गेल्या. कुलाब्याची नोंद मात्र टिकली. सुमारें १४४ वर्षांनीं, सन २००३ मध्यें, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनीं परदेशी सहकाऱ्यांबरोबर तीच कोष्टकें पुन्हां उघडून, क्षेत्र सुमारें १,६०० नॅनोटेस्लांनीं घसरलें होतें असें दाखविलें. ज्यांनीं तें लिहिलें त्यांस आपण काय लिहीत आहों याचा पुरता अर्थ ठाऊक असणें शक्य नव्हतें. त्यांनीं फक्त खरें लिहिलें, आणि वेळेवर लिहिलें.

पुढें सन १८७२ च्या ४ फेब्रुवारीस तर ध्रुवप्रकाश मुंबईहूनही दिसल्याची नोंद आहे. मुंबईंत विजेच्या ट्राम येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें कुलाब्याचीं यंत्रें बिघडतील हें ओळखून संचालक नानाभाई मूस यांनीं सन १९०४ मध्यें अलिबाग येथें नवी वेधशाळा उभारविली. तिचे दगडही लोहचुंबकास न जुमानणारे पाहून घेतले, आणि सन १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं निरीक्षणें घेऊन मगच कुलाब्याचें काम थांबविलें. साखळी तुटूं नये म्हणून केवढी ही काळजी! अलीकडे आपल्या देशानें या साखळीस दूरचे दुवेही जोडले आहेत. अंटार्क्टिकावर सन १९८९ पासून मैत्री व सन २०१२ पासून भारती अशीं स्थानकें झालीं. आणि वर सांगितलेल्या लाँगयीअरब्येनच्याच बेटावर, नी-ऑलेसुंड येथें, सन २००८ मध्यें हिमाद्रि स्थानक सुरू झालें.

प्रश्न विचारणारी ती मुलगी पुढें दहावी उत्तीर्ण झाली. अकरावीचा अर्ज भरावयाच्या दिवसांत तिचे वडील आम्हांस भेटावयास आले. घरची शेती कोरडवाहू कपाशीची; मुलीस विज्ञान शाखा हवी, शिकवणीचा व पुस्तकांचा खर्च निराळा, आणि धाकटा मुलगा अजून शिकावयाचा. मुलीनें घरीं आकाशांतील तापाची सर्व कथा सांगितली होती. ते बराच वेळ बसून म्हणाले, “गुरुजी, हे सारं खरं असन, पण माह्या पोरीले त्यातून काय भेटन?”

या प्रश्नास गोड बोलून वाटेस लावणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, या विद्येचा उपयोग आहे, व तो दूरचा नाहीं. ध्रुवाकडील आकाश तापलें म्हणजे वरची हवा फुगते आणि उपग्रहांस अडवूं लागते. सन २०२२ च्या फेब्रुवारींत एका अमेरिकन कंपनीचे नुकतेच सोडलेले ४९ पैकीं ३८ उपग्रह याच कारणानें नष्ट झाले. सन १९८९ च्या १३ मार्च रोजीं कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत चुंबकीय वादळानें सुमारें नऊ तास वीज बंद पडली व साठ लाख लोक अंधारांत राहिले. आणि ध्रुवाकडील विद्युत्क्षेत्राचा कांहीं अंश वादळांत पाहतां पाहतां विषुववृत्ताकडे येऊन पोंचतो. त्यानें आपल्याच डोक्यावरील आयनांबर वर उचललें जातें, आणि मोबाईलवर वाट दाखविणाऱ्या उपग्रहांच्या संकेतांत चूक शिरते. भोपाळ व अहमदाबाद यांच्या आसपासच्या आकाशांत हें आयनांबर नेहमींच दाट असतें, आणि वर्धा तेथून फार दक्षिणेस नाहीं. इतकें सांगून आम्हीं हेंही सांगितलें कीं, या विषयांत नोकऱ्या थोड्या आहेत, वाट लांब आहे, आणि मुलीस ती मिळेलच असें वचन आम्हांस देतां येत नाहीं. तिच्यांत एक गुण मात्र आहे: सांगितलेलें खरें मानण्यापूर्वीं तें मोजलें कसें, हें ती विचारते. हा गुण दवाखान्यांत, बँकेंत, शेतांत, कोठेंही वायां जाणार नाहीं.

ते क्षणभर थांबून म्हणाले, “मापात पाप नाही पाहिजे, एवढं आमालेबी समजते.” बाजारांत कापसाची गाडी कांट्यावर चढली म्हणजे वर्षाचे कष्ट त्या एका आंकड्यावर ठरतात, तो आंकडा खरा असण्याचें मोल त्यांच्याइतकें आणखी कोणास कळणार? ट्रॉम्सोच्या रडारपाशीं बसणारा शास्त्रज्ञ आणि तो शेतकरी या एका वाक्यापुरते तरी एकाच पंक्तीस बसतात, असें आम्हांस वाटलें. त्यानंतर दोन दिवसांनीं त्या मुलीनें विज्ञान शाखेचा अर्ज भरला. पुढें काय होईल तें होवो. पण हा निर्णय डोळे उघडे ठेवून घेतला गेला, याचें आम्हांस समाधान आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकीं फार थोडे ध्रुवप्रदेशीं जातील. परंतु एक साधी वही, एक थर्मामीटर आणि एक नियम एवढें साहित्य प्रत्येकास मिळण्यासारखें आहे. घराच्या सावलींत, रोज एकाच वेळीं, वर्षभर आंकडा लिहावा. एखाद्या दिवशीं पाहावयाचें राहिलें, तर ती जागा कोरी ठेवावी. अंदाजानें भरूं नये. कोऱ्या जागेची कोणास लाज वाटावयास नको, पण खोट्या आंकड्यानें मागचेपुढचे सर्व खरे आंकडे संशयांत पडतात. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलानें जेवतांना “हें कोणीं मोजलें?” असें विचारलें, तर त्यास उद्धट म्हणून गप्प बसवूं नये. उत्तर ठाऊक असेल तर द्यावें, नसेल तर त्यास शाळेंत पाठवावें. आम्हांसही तें पुष्कळदां शोधावें लागतें, आणि तो शोध मुलांसंगतीं करण्यांत आम्हांस आनंद आहे.